जे दवाखान्यात येत नाहीत त्यांची वही

साखर कारखान्यांचा सीझन सुरू झाला की माझी ओपीडी निम्म्यावर येते. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, त्यात भांडीकुंडी, गोणपाट, सरपण, शेळ्या, पोरं, वर ताडपत्री, आणि बघता बघता आमच्या तालुक्यातल्या वाड्या अन तांडे रिकामे होतात, मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेपायी ठेवलेली लेकरं. बीड जिल्ह्यात प्रॅक्टिस करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वेगळं सांगायला नको. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी या चार-पाच महिन्यांना मंदीच म्हणायचे. लग्नकार्य, ट्रेनिंग, दवाखान्याचा रंग, सगळं याच दिवसांत उरकायचं. पेशंट कमी झाले म्हणजे आजार कमी झाले असं कुठलाच डॉक्टर म्हणणार नाही, पण वागतो आपण तसंच.

मग काही वर्षांपूर्वी एक बाई चैत्रात परत आली. पंचेचाळीशीची असेल, बीपी होतं तिला, दोन वर्षं माझ्याकडं गोळ्या चालू होत्या. निघायच्या आदल्या दिवशी आली होती तेव्हा मी तिला नेहमीसारखी महिन्याची गोळी दिली आणि महिन्यानं या म्हणून सांगितलं. महिन्यानं ती कुठं असणार आहे हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, तरी मी तसं म्हणाले आणि तिनंही मान हलवली. जानेवारीत उसाच्या फडातच तिला झटका आला. तिकडच्या कुठल्याशा दवाखान्यात चार दिवस ठेवलं, पैसे संपले, मग तिथल्या झोपडीत, कोपीवरच पडून राहिली. पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, तेव्हा नवरा तिला ट्रॉलीत गोधड्यांवर झोपवून घेऊन आला. उजवा हात गेलेला, तोंड वाकडं, बोललेलं कळत नव्हतं पण तिला सगळं कळत होतं. मी तिची फाइल काढली तर शेवटची नोंद माझ्याच अक्षरातली होती, 'फॉलो-अपला आली नाही'.

त्या शब्दांनी मला खूप दिवस झोपू दिलं नाही. आम्हा डॉक्टरांच्या भाषेत अशा पेशंटला डिफॉल्टर म्हणतात, जसा बँकेचा हप्ता बुडवणारा. हप्ता तिनं बुडवला नव्हता, मी दिलेली तारीखच तिला पाळता येण्यासारखी नव्हती. आणि मग मी माझ्या सगळ्या फायली वेगळ्या नजरेनं चाळायला लागले, कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे शोधायला लागले, आणि लक्षात आलं की ते मला सांगताच येत नाही. दवाखान्यात बसून फक्त उंबरठा ओलांडून आलेला माणूस दिसतो. वाडीत बीपी असलेली माणसं एकूण किती, त्यातली माझ्याकडं किती, उरलेली कुठं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, इतकी वर्षं त्याच गावात राहून.

याच काळात मी ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरबद्दल वाचलं. वेल्समधल्या ग्लिनकॉरग नावाच्या कोळसा खाणीच्या गावात हा माणूस साधा फॅमिली डॉक्टर होता, गाव दोनेक हजार वस्तीचं, आणि १९७० मध्ये खाणही बंद पडली. त्यानं १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला, त्यातलं एक वाक्य आज जगभरचे डॉक्टर शिकतात. साध्या मराठीत सांगायचं तर, जिथं गरज सगळ्यात जास्त तिथं चांगली सेवा सगळ्यात कमी पोचते, आणि बाजाराच्या हातात जितकं जास्त द्याल तितकं हे उलटं गणित घट्ट होत जातं. मी त्याला उलट्या सेवेचा नियम म्हणते. पण मला त्या नियमापेक्षा त्यानं गावात केलेलं काम जास्त भिडलं. त्यानं ठरवलं की येतील त्यांचंच बीपी मोजायचं असं नाही, गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं मोजायचं. सर्दीसाठी आलेल्याचं मोजा, पोराला घेऊन आलेल्या बापाचं मोजा, आणि जो कधीच येत नाही त्याच्याकडं आपण जा. हे काम त्यानं पाव शतक चालवलं. पुढं १९९१ मध्ये त्याचा हिशोब छापून आला तेव्हा शेजारच्या तशाच गावाच्या मानानं त्याच्या गावात अकाली मृत्यू जवळपास २८ टक्क्यांनी कमी दिसत होते. यात नवीन औषध काही नव्हतं. बीपी मोजायचा पट्टा, वही, आणि कोण राहिलंय याची यादी. संशोधन म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात करायची गोष्ट असं मला शिकवलं गेलं होतं, आणि हा माणूस एका दवाखान्याच्या वहीतून ते करत होता आणि करता करता माणसं वाचवतही होता, दोन्ही कामं वेगळी नव्हतीच.

आणि मग वाटलं की वेल्सला कशाला जायचं, आपल्याकडंच तर हे झालंय. जामखेड माझ्यापासून लांब नाही. आमच्या आष्टी-पाटोद्याला लागून तो तालुका आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले तेव्हा हजार जिवंत जन्मांमागं पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात होती. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यातही दलित आणि निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. दुष्काळाच्या त्या वर्षांत पाण्यासाठी हापसे खोदायचे होते तेव्हा ते दलित वस्तीत खोदून घेतले, म्हणजे पाण्याला यायचं तर सगळ्या गावानं तिथंच यायचं. हा प्रसंग मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं होतं, याचा वैद्यकाशी काय संबंध. आता वाटतं की पोरांचा हगवणीचा आजार कुठल्या वस्तीत जास्त आहे हे ज्यानं खरोखर मोजलंय त्यालाच हापसा कुठं हवा हे सुचतं.

दुसरं नाव सगळ्यांना माहीत आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. नागपूरला शिकलेले, पुढं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून परत आलेले. त्यांच्या दवाखान्याचं नाव 'माँ दंतेश्वरी दवाखाना' आहे, आदिवासींच्या देवीचं, आणि तो बांधलाय तोही गावातल्या झोपड्यांसारखा, कारण मोठ्या पांढऱ्या इमारतीची माणसांना भीती वाटते. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे श्वास मोजायचं ते छोटं साधन. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर एका मिनिटात बाळ किती श्वास घेतं हे मोजावं लागतं, आणि गावातल्या दायांपैकी बऱ्याच जणींना बाराच्या पुढं मोजता येत नव्हतं. कुठल्याही मीटिंगमध्ये लोक म्हणाले असते की मग हे काम दायांना जमणार नाही, दुसरं कोणीतरी शिकलेलं बघा. त्यांनी काय केलं, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्याजवळ मण्यांच्या दोन ओळी बसवल्या, एक तान्ह्या बाळासाठी, एक त्याहून मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. तान्ह्याला साठ, मोठ्याला पन्नास, हे आकडे दाईला पाठ असायची गरजच नाही, ते मण्यांतच बसवलेत. हा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, न्यूमोनियानं जाणारी मुलं आणि एकूणच बालमृत्यू कमी झाले हे त्यात दाखवलं होतं. मी कित्येकदा डोळ्यांसमोर आणते, अंधारी झोपडी, चुलीचा धूर, आईच्या मांडीवर बाळ, त्याचं पोट वरखाली होतंय आणि समोर बसलेली दाई ओठ मिटून एकेक मणी सरकवतेय. ज्या बाईला व्यवस्थेनं अडाणी म्हणून बाजूला केलं असतं तिच्याच बोटांनी निदान झालं.

त्यानंतर नवजात बाळांचं काम. तेव्हा डॉक्टरांचं ठाम मत असं होतं की नवजात बाळ आजारी पडलं तर हॉस्पिटलच हवं. गडचिरोलीतल्या खेड्यातून हॉस्पिटलला पोचायचं कसं, आणि बाळंतिणीला घराबाहेर काढायला घरचे तयार नाहीत, यावर कोणाकडं उत्तर नव्हतं. सर्चनं ३९ गावांत काम केलं आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, बाळाचं वजन घ्यायला, ताप बघायला, श्वास अडकला तर मोकळा करायला, बाळ गार पडू नये म्हणून पिशवीत गुंडाळून ठेवायला, आणि जंतुसंसर्ग झाला तर घरीच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला. शेवटच्या गोष्टीवर किती टीका झाली असेल याची कल्पना कुठलाही डॉक्टर करू शकतो, माझ्याही पोटात वाचताना गोळा आला होता. सुरुवातीला त्या गावांत हजार जन्मांमागं ६२ नवजात बाळं जायची, तिसऱ्या वर्षी ती पंचविशीवर आली, तुलनेच्या गावांत मात्र साठाच्या आसपासच राहिली. १९९९ मध्ये हे छापून आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात ना, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही, ते २०११ पासून, आणि त्याचं मूळ या खेड्यांत आहे.

आता इथं मला अडतं, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण यावर बोललं जात नाही. त्या सगळ्या भेटी घरी होतात. माझ्या तालुक्यातली जी बाई सातव्या महिन्यात ट्रॉलीत बसून गेली आणि सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात एखाद्या कारखान्याच्या तळावर बाळंत झाली, तिचं घर कुठलं? आमच्या वाडीच्या आशाताईच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव आहे, पण बेचाळीस दिवस ती इथं नाही. तिकडच्या गावच्या आशाताईच्या यादीत ती नाही, कारण ती त्या गावची नाही, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहतेय आणि फड संपला की आठ-दहा दिवसांत कोपी उठणार. म्हणजे घरी जाऊन बाळ वाचवायची पद्धत आपण महाराष्ट्रातच सिद्ध केली आणि तिचा फायदा नेमका त्या बाळाला मिळत नाही ज्याला वर्षातले चार-पाच महिने घरच नाही. आमची आशाताई फार मनापासून काम करणारी आहे, तिनं एकदा मला तिचं रजिस्टर दाखवलं, काही बायकांच्या नावापुढं सगळे रकाने कोरे आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'ऊसतोडीला गेली'. ती म्हणाली, "मॅडम, वरून विचारतात भेटी का झाल्या नाहीत, मी काय त्यांच्यामागं ट्रॉलीत बसून जाऊ का?" तिचं खरंच आहे. तिच्या कोऱ्या रकान्यांचा आणि माझ्या फाइलमधल्या त्या वाक्याचा अर्थ एकच होता.

बायकांच्या आजारांबद्दल तर अजून बोलायचंच राहिलं. डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्ये जो अभ्यास छापला त्यात दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती, आणि ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, सरासरी एकेकीला साडेतीनच्या वर आजार. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं. दवाखान्यात आलेल्या बायका मोजून हा आकडा कधीच निघाला नसता, कारण दुखणं घेऊन त्या दवाखान्यात येतच नव्हत्या.

आमच्याकडं येतात त्या कशा येतात ते सांगते. आधी पोराला दाखवायचं, मग गुडघे दुखतात म्हणायचं, मग उठता उठता पदर सावरत, "मॅडम, अंगावरून लई जातंय." हे शेवटचं वाक्य ऐकायला पेशंटमागं दोन मिनिटं जास्त लागतात आणि ती दोन मिनिटं गर्दीत निघत नाहीत. फडात अंघोळीला आडोसा नाही, पाळीत कापड धुवायला पाणी नाही, पहाटे दोन-तीनला उठून मोळ्या भरायच्या. खाडा झाला तर टोळीचा मुकादम पैसे कापतो. आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांची मिळून घेतलेली असते, त्यामुळं ती आजारी पडली की कोयता मोडतो, कर्ज पुढच्या वर्षावर जातं. अशा बाईला कोणी सांगितलं की पिशवी काढून टाक, कटकट मिटेल, तर ती तयार होते यात नवल काय. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा हिशोब मांडला, ८२,३०९ बायकांमध्ये १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहात एक. मी त्याच जिल्ह्यात बसून रोज पेशंट तपासत होते. एकेक पेशंट म्हणून मला त्या दिसत होत्या, हिची काढलीय, हिचीही काढलीय, अशी फाइलवर नोंद करत होते, पण ते सगळं एकत्र मांडून बघावं, कोणत्या वयात, कशासाठी, कोणी सल्ला दिला हे विचारावं हे माझ्या डोक्यात आलं नाही. बातम्या आल्या तेव्हा कळलं. एवढं मोठं काहीतरी आपल्या टेबलावरून रोज जात होतं आणि आपण ते मोजलं नाही, याचं दुःख मला अजून आहे आणि ते कमी व्हावं असंही वाटत नाही.

म्हणून मी वही केली. साधी दोनशे पानी वही, प्रत्येक घराला एक पान. एकच वाडी घेतली, माझ्या दवाखान्यापासून जवळची, जिथली आशाताई माझ्या ओळखीची आहे. दसऱ्याच्या आधीचे रविवार धरले, कारण त्यानंतर लोक निघायच्या गडबडीत असतात. नियम एकच, घरात जितकी मोठी माणसं तितक्या ओळी, माणूस भेटो न भेटो. भेटला नाही तर ओळ रिकामी ठेवायची आणि परत जायचं. हे ऐकायला सोपं आहे पण फार जड जातं. पहिल्या फेरीत जी भेटतात ती म्हातारी आणि घरी असणाऱ्या बायका. तरणे पुरुष भेटतच नाहीत, संध्याकाळी पारावर भेटतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नव्या सुना. त्या समोरच असतात, चहा घेऊन येतात, पण घरातलं कोणी त्यांचं नावच सांगत नाही, विचारलं तर म्हणतात, "तिला काय होतंय, ती तर पोरगीय." एका घरात सासूनं स्वतःचं बीपी मोजून घेतलं, मुलाचं मोजायला लावलं, पाहुण्याचंही मोजायला लावलं, आणि सुनेची ओळ मात्र तीन रविवार रिकामी होती. चौथ्या रविवारी ती विहिरीवर एकटी भेटली तेव्हा तिथंच दगडावर बसवून पट्टा बांधला. बीपी नीटच होतं. पण पापणी खाली ओढून बघितली तर पांढरीफटक. तिच्या अंगात रक्त किती असेल या विचारानं मला धडकी भरली, आणि ती काही आठवड्यांनी मोळ्या उचलायला निघणार होती.

पाच मिनिटं शांत बसवायचं, मग मोजायचं, १४०/९० च्या वर आलं तर थांबून परत मोजायचं, आणि तरीही वर असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका मोजणीवर कोणालाही बीपीचा पेशंट करायचं नाही. बऱ्याच जणांच्या दंडाला पट्टा आयुष्यात पहिल्यांदाच लागत होता, आणि ज्यांचं वाढलेलं निघालं त्यातल्या बऱ्याच जणांना कसलाच त्रास नव्हता, म्हणजे ते माझ्याकडं आपणहून कधी आलेच नसते. वहीत एक रकाना मी नंतर वाढवला, तो आशाताईच्या सांगण्यावरून, 'कुठल्या कारखान्याला जाणार आणि मुकादम कोण'. मला हे सुचलं नसतं. तिला माहीत होतं की पत्ता म्हणजे वाडीचं नाव नाही, सीझनमध्ये पत्ता म्हणजे टोळी.

संशोधन हा शब्द मी इथं जपून वापरते. हे छापायचं असेल, दुसऱ्यांपुढं निष्कर्ष म्हणून मांडायचं असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते, प्रत्येकाची संमती लागते, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि ते योग्यच आहे, गरीब माणसाचं रक्त काढून पेपर छापायचे आणि त्याला रिपोर्टही द्यायचा नाही असं खूप झालंय. मी जे केलं ते माझ्या पेशंटची नोंद ठेवणं आहे, माझ्या डॉक्टरकीचाच भाग. पण नोंद ठेवली की प्रश्न पडतात आणि प्रश्न पडले की ते नीट तपासावेसे वाटतात. यंदा एका मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे सामुदायिक वैद्यक विभागाशी बोलणं सुरू केलंय. एमबीबीएसच्या मुलांना आता एनएमसीनं, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं, कुटुंब दत्तक योजना लावलीय, प्रत्येकानं काही कुटुंबं घ्यायची आणि काही वर्षं त्यांचा पाठपुरावा करायचा. मी त्यांना म्हटलं की ऊसतोडीला जाणारी कुटुंबं द्या पोरांना, जी हाताला लागत नाहीत तीच द्या. सोपी कुटुंबं दिली तर ती मुलंही माझ्यासारखीच उंबऱ्याच्या आत बघायला शिकतील.

गेल्या वर्षी वही पुरी झाल्यावर देवळासमोर सगळ्यांना बोलावलं आणि काय निघालं ते सांगितलं. नावं घेतली नाहीत, फक्त वाडी म्हणून काय दिसतं ते. मी बीपीचं सांगत होते, झटक्याचं सांगत होते, सगळे ऐकत होते. मग मागं बसलेली एक बाई म्हणाली, "ते समदं खरंय, पण कंबर कवा बघनार?" आणि सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. कंबर. माझ्या वहीत कंबरेचा रकानाच नव्हता. ज्या कामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं त्या कामाची माणसं, आणि मी त्यांना कंबर दुखते का असं विचारलंच नाही, कारण मला झटक्याची भीती बसली होती, म्हणजे मी माझं दुखणं त्यांच्या वहीत लिहीत होते. यंदा रकाना आहे. त्यासोबत त्यांनीच सांगितलेले अजून दोन, झोप किती तास, आणि पाळीच्या दिवसांत खाडा करता येतो का. ऊसतोडीच्या बाईच्या तब्येतीबद्दल इतका नेमका प्रश्न मला पुस्तकातून कधीच मिळाला नसता.

गोळ्यांचंही बदललं. निघणाऱ्या प्रत्येक बीपीवाल्याला सीझन संपेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या देते, एकदम. पैशांचं जमवून घेतो, काही सरकारी दवाखान्यातून मिळतात, तिथले डॉक्टर समजून घेणारे आहेत. सोबत एक कार्ड, मराठीत मोठ्या अक्षरात, बीपी किती होतं, गोळी कुठली, माझा नंबर. मागच्या बाजूला हेच हिंदीत, कर्नाटकात कोणाला दाखवायचं तर वाचता यावं म्हणून. बायका ते कार्ड आधार कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कनवटीला खोचतात. त्या विहिरीवरच्या सुनेला रक्ताच्या गोळ्या दिल्या, आणि तिच्या सासूशी तासभर बोलले, त्यातून निदान एवढं झालं की पहिला महिना ती स्वयंपाक आणि पोरं बघेल, मोळ्या उचलणार नाही. त्या घरच्या उचलीचा हिशोब बघता ही सवलत लहान नव्हती.

आणि एका टोळीसोबत एक बीपीचं मशीन पाठवलंय. मुकादमाची सून आहे बारावी झालेली, तिला आशाताईनं आणि मी मिळून शिकवलं, पट्टा कुठं बांधायचा, माणसाला आधी बसू द्यायचं, दोनदा घ्यायचं, किती आलं तर लगेच फोन करायचा. तिला टोळीची यादी दिलीय वहीतून उतरवून. ती दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवते, टाइप करायला वेळ नसतो. मागं चुलीचा आवाज, कुत्री, कोणाचंतरी रडणारं बाळ. परवाचा मेसेज मी दोनदा ऐकला. एकेक नाव घेऊन तिनं आकडे सांगितले, एका काकांचं वाढलंय, गोळी दोन दिवस चुकली होती म्हणतात, आता समोर बसून खायला लावली. मग थोडं थांबून म्हणाली, "मॅडम, आज कारखाना बंद होता म्हणून समद्यांचं घेतलं. एक राहिली. ती पलीकडच्या तळावर गेलीय लेकराला घेऊन. तिचं उद्या जाऊन घेते."